वेताळ, मॅन्ड्रेक आणि अर्धा दात

आमच्या लहानपणी उमरखेडला आगगाडी नव्हती. जे काही यायचं ते यष्टीनं यायचं. पाहुणे, पेपरचे गठ्ठे, बदली होऊन आलेले साहेब आणि इंद्रजाल कॉमिक्स. पाहुणे आले की आम्ही मागच्या दारानं पसार व्हायचो. इंद्रजाल आलं की पुढच्या दारानं. स्टँडसमोरच्या टपरीत ते दहा पैसे भाड्यानं वाचायला मिळे, आणि तेही टपरीसमोरच्या बाकावर बसून. घरी न्यायचं तर पंधरा पैसे. तेव्हा आमचं बहुतेक सगळं शिक्षण त्या बाकावर झालं, असं म्हटलं तर आमच्या गुरुजनांनी राग मानू नये.

मी वेताळाचा माणूस. म्हणजे वेताळपक्षीय. समोरच्या घरात हदगावाहून बदली होऊन आलेलं एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर, आणि कट्टर मॅन्ड्रेकपक्षीय. आता उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्याचं खालचं टोक. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही वऱ्हाडातले, पलीकडे ते मराठवाड्यातले. आमचे आबा सांगायचे, की एके काळी नदीपलीकडे निजामाचं राज्य होतं. त्यामुळं वेताळ मोठा की मॅन्ड्रेक, हा वाद माझ्या मनात नुसता दोन चित्रकथांमधला नव्हता. त्याला सरहद्दीचा रंग होता.

ज्यांचं बालपण निव्वळ अभ्यासात वाया गेलं, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वेताळ म्हणजे चारशे वर्षं पिढ्यान् पिढ्या बापाकडून मुलाकडे चालत आलेला जंगलचा रक्षक. अंगाला घट्ट पोशाख, त्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, डोळ्यांवर मुखवटा, कंबरेला दोन पिस्तुलं आणि बोटात कवटीची अंगठी. ठोसा बसला, की गुंडाच्या हनुवटीवर कवटी उमटलीच, आणि ती जन्मात जात नाही. मॅन्ड्रेक म्हणजे हॅट, कोट, झगा आणि कोरलेली मिशी. तो ठोसा मारत नाही. नुसता हात हलवतो, आणि समोरच्याला आपल्या हातातल्या पिस्तुलाचा साप झालेला दिसतो. मारामारी करायला सोबत लोथार आहेच.

वादाचा पहिला महिना लोथारवरच गेला. मी म्हणे, "एकास एक धर. लोथार चालणार नाही." तो म्हणे, "मग तुझा लांडगा पण चालणार नाही." मी लांडगा सोडला. त्यानं लोथार सोडला. मी मोठ्या मनानं घोडाही सोडला. मग खरा मुद्दा आला: डोळे.

"वेताळाचे डोळे कुणाला दिसतच नाहीत," मी म्हणालो. "मुखवट्यात नुसतं पांढरं असतं. मग मॅन्ड्रेक मोहिनी घालणार कुठं?"

"डोळ्यांत नाही घालत बे मोहिनी," तो म्हणाला. "हातानं घालतो. मॅन्ड्रेकला वेताळ दिसायची गरज नाही. वेताळाला मॅन्ड्रेक दिसला की झालं."

मी गप्प बसलो. मुद्दा बिनतोड होता. आयुष्यात पुढं अनेक वादांत हरलो (लग्नानंतर तर नेमानं), पण तो पहिला पराभव अजून टोचतो.

निवाड्यासाठी आम्ही आबांकडे गेलो. वाटलं होतं, "कसली रे पोरकट भांडणं" म्हणून हाकलून देतील. तर आबा सुपारी कातरता कातरता गंभीर झाले. म्हणाले, "भीमाला मारुतीचं शेपूटसुद्धा हललं नव्हतं. पण जांबवंत कृष्णाशी अठ्ठावीस दिवस लढला. आता सांगा, मारुती आणि जांबवंत यांची जुंपली असती तर?" आम्ही आलो होतो एक वाद घेऊन, परतलो दोन घेऊन.

मोठी माणसंही काही वेगळं करत नव्हती. हजामतीच्या दुकानात दर रविवारी अर्ध्या दाढीचे लोक तावातावानं भांडत, की दारासिंग आणि आपला मारुती माने यांची निकाली कुस्ती झाली तर कोण चीत होईल. माने १९६४ सालचे हिंदकेसरी. दारासिंगानं १९६८ साली मुंबईत लू थेझसारखा विश्वविजेता लोळवलेला. "ती फ्रीस्टाइल, ही मातीतली. मातीत येऊ दे म्हणावं त्याला," असं म्हणत एक गृहस्थ तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत उभेच राहत. तो वाद आमच्या गावापुरता १९८७ साली दूरदर्शननं मिटवला. रामायण सुरू झालं आणि दारासिंग स्वतःच मारुती झाला.

आमचा मिटायचा होता तो मे १९७५ मध्ये. शब्दांनी निकाल लागत नाही म्हटल्यावर प्रत्यक्ष प्रयोग करायचं ठरलं. स्थळ त्यांच्या घरामागचं परसू, वेळ दुपारची, मोठी माणसं वामकुक्षीत. मी पायजम्यावर पट्ट्यापट्ट्यांची चड्डी चढवली होती. आईच्या जुन्या काळ्या परकराच्या कापडाचा मुखवटा केला होता, आणि बोटात सायकलच्या दुकानातून मिळवलेला एक मोठा नट. तो आला त्याच्या वडिलांचा हिवाळी कोट घालून. मे महिन्यात! आमच्याकडचा मे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याच्या निष्ठेची कल्पना येईल. मिशी कोळशाची होती आणि घामानं ती हनुवटीपर्यंत आली होती.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं हलवली. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. आणि खरं सांगतो, कधी कुणाजवळ बोललो नाही, क्षणभर माझे हातपाय जड झाले. उन्हानं असेल. मुखवट्याची भोकं लहान पडली होती, म्हणूनही असेल. पण मला वाटलं, की ह्याला खरंच येतं. मी घाबरलो. आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं.

कवटी उमटली नाही. त्याचा समोरचा दात मात्र अर्धा तुटला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण आठवायला नको वाटतं. अण्णांनी माझी इंद्रजालं जप्त केली, टपरीवर जायला बंदी केली, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं फर्मावलं. देशात आणीबाणी जूनच्या पंचविसाव्या तारखेला आली. आमच्या घरात ती महिनाभर आधीच लागली होती. त्यानं घरी सांगितलं होतं, "ओट्यावरून पडलो." माझं नाव घेतलंच नव्हतं. मी आपणहून कबूल झालो होतो, कारण तो खोटं बोलला हे मला सहन होईना. आम्ही बोलायचं थांबलो ते मात्र त्याच्या रागामुळं नाही, माझ्या शरमेमुळं. शाळा उघडायच्या आत त्याच्या वडिलांची पुन्हा बदली झाली. सामान ट्रकवर चढत होतं, तेव्हा मी खिडकीआड उभा होतो.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की मॅन्ड्रेक १९३४ साली आणि वेताळ १९३६ साली एकाच माणसानं जन्माला घातला. ली फॉक त्याचं नाव. दोघंही भाऊच निघाले! आणि १९७७ मध्ये मूळ चित्रमालिकेत वेताळाचं डायनाशी लग्न लागलं, तेव्हा पाहुण्यांमध्ये मॅन्ड्रेक आणि लोथार हजर. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक हातात धरून बसलो होतो. बायकोनं विचारलं, "कोण गेलं?"

गेल्या वर्षी नांदेडला एका लग्नात जेवणाच्या पंक्तीत माझ्यासमोर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. जिलबी चावताना हसले, आणि मला तो दात दिसला. अर्धा. मी म्हणालो, "अरे, इतक्या वर्षांत बसवून का नाही घेतलास?"

"कशाला?" तो म्हणाला. "वेताळाची खूण जन्मात जात नाही. नातवंडांना दाखवतो."

मी ली फॉकचं सांगितलं. वेताळाच्या लग्नाचंही सांगितलं. वाढपी दोनदा मठ्ठा वाढून गेला. माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होतो, एवढ्यात तो पानावर वाकून हळूच म्हणाला, "ते सगळं जाऊ दे. खरं सांग. त्या दिवशी चढली होती ना मोहिनी?"

"छट्!" मी म्हणालो. "ऊन लागलं होतं."