वय झालं म्हणून

आमच्या मुरबाडकडं म्हातारं माणूस थकलं की कोणी कारण विचारत नाही. "वय झालं आता," एवढं बोललं की संपलं. आजीचंही तसंच चाललं होतं. सत्तरी ओलांडली तरी ती म्हशाच्या जत्रेला चालत जायची, आवणीला चिखलात उतरायची. 1998 च्या भादव्यात मात्र विहिरीवरून येताना तीनदा खाली बसली. ओठ, नखं पांढरीफटक, पाय सुजलेले, दोन पावलांत धाप.

भावकीतले एक जाणते म्हणाले, "या वयात कशाला टोचताय म्हातारीला? रक्त चढवलेलं माणूस परत येत नाय." बाबांनी ऐकलं नाही. एसटीनं कल्याण गाठलं.

हिमोग्लोबिन निघालं 4. बाईमाणसाचं 12 तरी हवं. 8 च्या खाली गेलं की दुखणं गंभीर. डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसात गेलेलं रक्त नाही. थोडं थोडं जात राहिलं, म्हणून शरीर सोसत आलं. एकदम गेलं असतं तर आजी इथवर पोचल्या नसत्या."

काकांनी आणि बाबांनी रक्त दिलं. मला वाटलं, आता भराभर पिशव्या लावतील. पण म्हाताऱ्या हृदयाला एकदम भार झेपत नाही, फुप्फुसात पाणी साचतं. म्हणून एक पिशवी जवळपास चार तास चालली. एवढं करून एका पिशवीनं वाढतं साधारण एक ग्रॅम.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आजी, परसाकडला काळं होतं का?"

आजी लाजली. "व्हतं, डांबरासारखं. पण ह्ये काय चारचौघांत सांगायचं?"

गुडघ्यांसाठी ती बाजारातल्या दुकानातून गोळ्या आणायची आणि उपाशीपोटी गिळून शेतावर जायची. त्या गोळ्यांनी जठरात जखम झाली होती. तिथूनच रक्त झिरपत होतं. नुसतं रक्त चढवून ते पुन्हा गेलंच असतं. गोळ्या बंद झाल्या, जखमेचं औषध सुरू झालं, पुढं कित्येक महिने लोहाच्या गोळ्या.

आजी त्यानंतर नऊ वर्षं जगली. आवणीला उतरली नाही, पण बांधावर बसून सुनांच्या चुका काढायची. आणि ते भावकीतले जाणते? दोन वर्षांनी त्यांची बायको अशीच पांढरी पडली, तेव्हा पहाटेच आमच्या दारात आले. "कल्याणचा तो दवाखाना कंचा रे?"