अब्बांचा आवाज आणि चार डिस्क

मी लहान असताना आमच्या घरी पत्रांपेक्षा कॅसेट जास्त यायच्या. अब्बा कुवेतला होते. गावाकडचं कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या हाती ते एक कॅसेट भरून पाठवायचे. रात्री जेवणं आटोपली की पडवीत टेपरेकॉर्डर लागायचा. दादीला सलाम, अम्मीला घरखर्चाच्या सूचना, आणि शेवटी आम्हा भावंडांची पाळी. "दिवा लागला की अभ्यासाला बस, बेटा." मागे कुठेतरी एसीची घरघर ऐकू यायची. आम्हाला वाटायचं, परदेशात सतत पाऊस पडतो.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं. अब्बा जॉर्डनमार्गे, अम्मानहून विमानाने परत आले. हातात एक पिशवी होती. त्यानंतर कॅसेट आल्या नाहीत, कारण अब्बाच घरी होते. 2009 साली ते गेले आणि मग त्या तेवीस कॅसेटची आठवण झाली.

मसुऱ्यात ज्यांचं घर गड नदीच्या अंगाला आहे, त्यांना पावसाळ्यात घरातल्या वस्तूंचं काय होतं ते सांगायला नको. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी, चपलांना बुरशी, कॅसेटच्या फितीलाही पांढरी बुरशी. 2015 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी जुना टेपरेकॉर्डर एका वायरने कॉम्प्युटरला जोडला आणि ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कॅसेट उतरवून घेतल्या. महिना गेला. काम संपल्यावर कॅसेट टाकून दिल्या. कॉम्प्युटरमध्ये आल्या म्हणजे जपल्या, असंच मला वाटत होतं.

पुढे फोटो आले, मोबाइलचे व्हिडिओ आले, लग्नांच्या व्हीएचएस टेप आल्या. डिस्क भरली. मी दुसरी आणली आणि विंडोजमध्ये दोन्ही जोडून एकच मोठी केली. त्याला 'स्पॅन्ड व्हॉल्यूम' म्हणतात. पडद्यावर दोन डिस्कच्या जागी एकच अक्षर दिसतं, कुठली फाईल कुठे याचा विचार करावा लागत नाही. शाळेतल्या दोन वर्गांमधली भिंत पाडून हॉल करावा, तसं वाटलं. त्या भिंतीवर छप्पर टेकलेलं होतं, हे मात्र लक्षात आलं नाही.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ले, सगळीकडे झाडं आणि खांब आडवे. कित्येक दिवस वीज नव्हती. वीज आल्यावर कॉम्प्युटर लावला, तर पहिल्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज आला आणि ती दिसेनाशी झाली. वादळाचा दोष की तिचं वय झालं होतं, कळायला मार्ग नाही. पण तिच्याबरोबर दुसरी, ठणठणीत असलेली डिस्कही वाचता येईना. दोघींचं खातं एकच होतं आणि खात्याची वही पहिलीकडे होती. मुंबईला एकाकडे दुरुस्तीला पाठवली. काही निघालं नाही.

तेवीस कॅसेटमधली चार मिनिटं तेवढी उरली. माझ्या धाकट्या भावाने कधीतरी रमजानमध्ये तो तुकडा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता आणि चुलत बहिणीने तो मोबाइलमध्ये ठेवला होता. काही जपायचं असं तिच्या मनातही नव्हतं. तिच्याकडे प्रत होती, एवढंच.

मी उर्दू शिकवते, म्हणून 'आलम आरा' हे नाव दरवर्षी एकदा तरी तोंडी येतं. भारताचा पहिला बोलपट, 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, असं सांगतात. आज त्याची एकही प्रत कुठे नाही. उरली ती छायाचित्रं आणि जाहिराती. ज्या चित्रपटाने या देशाच्या पडद्याला आवाज दिला, त्याचाच आवाज गेला. 2021 पर्यंत मी हे परीक्षेचं उत्तर म्हणून सांगायचे.

मागच्या वर्षी मुलगा म्हणाला, "अम्मी, आता नीट करू या." जुना कॉम्प्युटर घरचा सर्व्हर करायचा, टीव्हीवर, मोबाइलवर सगळं दिसेल असं. या वेळी मी आधी वही घेतली. डिस्क किती घ्यायच्या हा प्रश्न मागाहून. आधी घरात काय काय आहे आणि त्यातलं काय गेलं तर परत मिळणार नाही, याची यादी केली. सिनेमे, मालिका, तकरीरी, नातं मिळून अडीच टीबी. हे गेलं तर हळहळ वाटेल, पण पुन्हा मिळवता येईल. घरचे फोटो, व्हिडिओ आणि टेपवरून घेतलेलं मिळून एक टीबीच्या आत. हे पुन्हा कुठेच मिळणार नाही. मोठा ढीग स्वस्त आणि लहान ढीग अनमोल, हे कागदावर आल्यावर अर्धं काम झालं.

घरात दोन आणि एक टीबीच्या जुन्या पण तपासून घेतलेल्या डिस्क होत्या. चार टीबीच्या दोन नव्या घेतल्या. (चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये 3.63 दिसते. दुकानदाराने फसवलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने.) या चार डिस्क एक करायला मुलाने लिनक्सवर 'मर्जरएफएस' वापरलं. बाहेरून एकच मोठं कपाट दिसतं, पण आत प्रत्येक फाईल अख्खीच्या अख्खी कुठल्या तरी एकाच डिस्कवर असते. एक डिस्क गेली तर तिच्यावरचं तेवढं जातं. बाकीच्या काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्या तरी वाचता येतात. माझ्या जुन्या जोडणीत नेमकं हेच नव्हतं.

मग गेलेल्या डिस्कवरचं परत कसं आणायचं? त्यासाठी 'स्नॅपरेड' आहे. त्यातली पॅरिटी मला मुलाने समजावली, पण पटली ती निकालपत्रकामुळे. तीन विषयांचे गुण 62, 48 आणि 71, एकूण 181. मधल्या आकड्यावर चहा सांडला, तरी 181 मधून 62 आणि 71 वजा केले की 48 मिळतात. पॅरिटी डिस्क म्हणजे ही 'एकूण'ची रकाना. तिच्यावर सिनेमा नसतो, बेरीज असते. दोन आकड्यांवर चहा सांडला, तर मात्र एका बेरजेतून काही निघत नाही. ही डिस्क बाकीच्यांतल्या सर्वांत मोठीएवढी तरी लागते. म्हणून आमच्या दोन मोठ्यांपैकी एक बेरजेला गेली आणि चार, दोन, एक मिळून सात टीबी वापराला उरले.

यातली एक मेख सांगून ठेवते. स्नॅपरेडची बेरीज आपोआप चालू राहत नाही, सांगू तेव्हा होते. आमची रोज रात्री होते. आज संध्याकाळी टाकलेले फोटो रात्रीपर्यंत उघड्यावरच असतात. जिथे फाईली एकदा ठेवून फार बदलत नाहीत, अशा घरच्या साठ्याला हे चालतं. दुकानाच्या हिशेबाला चालणार नाही. मोबाइलमधले फोटो म्हणूनच आम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत पुसत नाही. शिवाय वीज गेल्यावर कॉम्प्युटर नीट बंद व्हावा इतका वेळ देणारा यूपीएस घेतला. सर्व्हर जमिनीवरून उचलून माळ्याखालच्या फळीवर ठेवला.

हे सगळं झाल्यावर मुलगा खूश होता. मी विचारलं, "गडीचं पाणी घरात आलं तर? चोरी झाली तर?" तो गप्प झाला. बेरीज डिस्कचा आजार बरा करते. घराचं काही झालं, तर चारही डिस्क एकाच घरात असतात.

इथे मला लहानपणी मक्तबमध्ये ऐकलेली गोष्ट आठवली. यमामाच्या लढाईत कुरआन तोंडपाठ असलेले कितीतरी हाफिज शहीद झाले. हजरत उमर यांना काळजी वाटली. त्यांनी हजरत अबू बकर यांच्यापुढे विषय काढला आणि हजरत जैद बिन साबित यांच्यावर सगळं लिखित रूपात एकत्र करण्याचं काम सोपवलं गेलं. पुढे हजरत उस्मान यांच्या काळात त्या प्रतीवरून नकला करून वेगवेगळ्या शहरांना पाठवल्या गेल्या. अल्लाहच्या कलामाची आणि माझ्या घरच्या फोटोंची बरोबरी करण्याचा हेतू नाही, तौबा. पण आधी एकत्र करणं आणि मग दूर दूर पाठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात, हे त्या गोष्टीत आहे. मी 2021 पर्यंत पहिलंच केलं होतं. तेही घाईने.

म्हणून त्या लहान ढिगासाठी आणखी एक टीबीच्या दोन साध्या बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक रत्नागिरीला बहिणीच्या कपाटात असते. दुसरी इथे भरत असते. ईदला ती आली की अदलाबदल होते. भाऊ कतारहून आला तेव्हा त्यालाही एक प्रत दिली. त्याने ती बॅगेत कोकमाच्या पिशवीशेजारी ठेवली. मी हाय-हाय करून ती काढून कपड्यांत गुंडाळली. तो म्हणाला, "आपा, अब्बा परत गल्फला चालले."

तुमच्या घरातही गल्फच्या कॅसेट असतील. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत असतील! सर्व्हर करा की नका करू, ती तुमची हौस. पण कॅसेट उतरवून घ्या, एक प्रत दुसऱ्या गावी पाठवा आणि उतरवल्यावर मूळ कॅसेट टाकू नका. मी टाकल्या.

आणखी एक. प्रत आहे यावर भरवसा ठेवू नका, उघडून पाहा. महिन्यातून एकदा मी कुठली तरी एक फाईल उघडते. मुलाचं म्हणणं, दर वेळी वेगळी उघडायला हवी, तरच तपासणी होते. त्याचं बरोबर आहे. मी बहुतेक वेळा तीच चार मिनिटांची उघडते.