पथ्याच्या कागदावरचा ‘कटु’

हार्बर मार्गावरील चेंबूर स्थानकातून बाहेर पडून भाजीबाजारात शिरलात, तर कारल्यांच्या ढिगापाशी क्षणभर थांबावे. फाळणीनंतर येथे वसलेली सिंधी कुटुंबे, दाक्षिणात्य आणि मराठी घरांतील मंडळी तेथे शेजारी शेजारी भाजी निवडताना दिसतील. तमिळ भाषकाला मिरची ‘कारम्’, कारले ‘कसप्पु’. आपल्याला मिरची तिखट, कारले कडू. येथवर घोटाळा नाही.

घोटाळा झाला तो आमच्या घरी. पित्ताच्या त्रासासाठी आईला मिळालेल्या पथ्याच्या कागदावर ‘कटु रस वर्ज्य’ असे होते. तिने निमूटपणे कारले आणि मेथी बंद केली. लसणाची झणझणीत चटणी मात्र रोज पानात. जळजळ थांबेना.

चूक समजण्यासारखी होती. मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय या आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे तिखट. कारल्याचा आणि कडुनिंबाचा रस तो ‘तिक्त’. खूण हवी तर त्रिकटू चूर्ण आठवा: सुंठ, मिरी, पिंपळी. तिन्ही तिखट, कडू एकही नाही. ‘कटु’चे प्राकृतातून ‘कडू’ होताना शब्द आपल्याकडे आला, पण अर्थ वाटेत पालटला. तशी चाहूल संस्कृतातही आहे; ‘कटुका’ म्हणजे कुटकी, पण तिची चव तिक्त! आपला ‘तिखट’ मात्र ‘तीक्ष्ण’च्या, म्हणजे धारदारच्या कुळातला. आणि ज्या मिरचीवाचून आपले तिखट अडते, ती चरकांना ठाऊकच नव्हती. ती आली पोर्तुगीजांच्या काळात, अमेरिका खंडातून.

‘कटु’चा जुना अर्थ पुरता मेलेला नाही. बाजारातल्या किराणा दुकानाशी कान द्या. उत्तर भारतीय ग्राहक मोहरीचे तेल ‘कडवा तेल’ म्हणून मागतो. ते तेल नाकात झोंबते, म्हणून कडवे.

आयुर्वेदाच्या मते कटु रस पित्त वाढवतो, तिक्त रस ते शमवतो. आईने, म्हणजे, नेमके उलटे पथ्य पाळले होते. आपल्या हाती असा कागद आला, तर वैद्यांना सरळ विचारावे, ‘मिरची सोडू की कारले?’ आम्ही विचारले, तेव्हा वैद्य हसले. त्या संध्याकाळी आईने बाजारातून पाव किलो कारली आणली आणि चटणीची बरणी फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवली, जेथे तिचा हात पोहोचत नाही.