फासा कुणाचं ऐकतो?

ज्या घरांत बारा ते वीस वर्षांची मुलं आहेत, त्या घरांना वीस बाजूंचा फासा नवा नसेल. तो सोफ्याच्या फटीत सापडतो, व्हॅक्यूममध्ये खडखडतो, नाहीतर अंधारात पायाखाली येतो. आमच्या बेसमेंटमध्ये गेली चार वर्षं दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा अड्डा जमतो. सहा मुलं, दोन पिझ्झा आणि मूठभर फासे. वर चहा घेत बसलेल्या आम्हा दोघांना खालून राक्षस मारल्याचे आवाज कमी आणि नियमांवरून भांडल्याचे जास्त ऐकू येतात. एवढी हुशार मुलं प्लास्टिकच्या फाशांवरून इतकी का भांडतात, हे कळावं म्हणून आम्ही अधूनमधून खाली जाऊन बसू लागलो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून बाहेर पडला. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार होतो आणि समोर काय घडतंय ते सांगतो. 'मी भिंतीवरून उडी मारते' असं कुणी म्हणालं, की उडी जमली की नाही हे फासा ठरवतो. आणि भांडण इथूनच सुरू होतं.

पहिला वाद, फासे किती? वीस बाजूंचा एकच फासा टाकला तर प्रत्येक आकडा सारखाच, वीसात एकदा पडणार. १० किंवा ११ हे मधले आकडे दहात एकदा, आणि सगळ्यात वाईट १ सुद्धा वीसात एकदा. आपले नेहमीचे सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज केली, तर चित्र पालटतं. २१६ प्रकारांपैकी ५४ प्रकारांत बेरीज १० किंवा ११ येते, म्हणजे चारात एकदा. सगळ्यात कमी ३ मात्र २१६त एकदाच. १९८६ साली आलेला 'गर्प्स' हा खेळ असाच तीन फाशांवर चालतो. एका फाशाची बाजू घेणारे म्हणतात, थरार हवा. तीन फासेवाले विचारतात, जन्मभर कुलपं उघडणाऱ्या चोराची दर वीस कुलपांमागे फजिती कशी होईल? गणित दोघांचंही बरोबर आहे. कसलेल्या माणसालाही नशिबानं किती वेळा तोंडघशी पाडावं, यावर त्यांचं पटत नाही.

आता हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला नवा आहे? आमच्या भाच्याकडे डिग्री होती, नोकरी होती, कागदपत्रं चोख होती. व्हिसाच्या लॉटरीत लागोपाठ दोन वर्षं नाव लागलं नाही. त्याच्यासमोर एका फाशाची बाजू घेण्याची आमची हिंमत नाही.

दुसरा वाद, फासे हवेतच कशाला? १९९१ साली 'अँबर' नावाच्या खेळानं फासे पार काढूनच टाकले. सूत्रधार सांगेल ते खरं. मग सूत्रधाराचा लाडका कोण, हा प्रश्न येतोच. उलट २०१० च्या 'अपॉकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये सहा बाजूंचे दोन फासे टाकतात. बेरीज १० किंवा वर गेली तर काम फत्ते, ६ किंवा कमी आली तर संकट, आणि ७ ते ९ आली तर काम होतं, पण काहीतरी किंमत मोजावी लागते. आम्हा दोघांना हा नियम सगळ्यात खरा वाटला. घर सोडून इतक्या लांब आलेल्या माणसाला ७ ते ९ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा वाद सगळ्यात अवघड, आणि तो आमच्याच घरात झाला. सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपले फासे टाकतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या धाकटीच्या पात्रावर राक्षसानं वार केला. तिनं ते पात्र दीड वर्ष सांभाळलं होतं. सूत्रधारानं फासा पाहिला आणि म्हणाला, "वार चुकला." शेजारच्या मुलाला आकडा दिसला होता. वार चुकला नव्हता.

तिघं म्हणाले, मैत्रिणीचं पात्र वाचवलं, बिघडलं काय? दोघं म्हणाले, मग फासा टाकायचाच कशाला? सगळ्यात जास्त संतापली ती धाकटीच. "मग आजवर मी जे जिंकले, ते तरी माझं होतं का?" पुढचे तीन शनिवार बेसमेंट रिकामं राहिलं.

चौथ्या शनिवारी मुलं आली, पण पट मांडेनात. तेव्हा आम्ही त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. शकुनीचे कपटी फासे त्यांना ठाऊक होतेच. खंडोबाची गोष्ट मात्र नवी होती. म्हाळसेशी सारीपाट खेळताना देव मुद्दाम हरला, पणाप्रमाणे बारा वर्षं घराबाहेर पडला आणि बाणाईकडे चाकरीला राहिला, असं सांगतात. एकानं लोभापायी दान फिरवलं, एकानं प्रेमापायी. आता बोला!

मुलं तासभर बोलली. शेवटी सूत्रधार मुलगाच म्हणाला, "कारण काहीही असो, समोरच्याला सांगितलं दोघांनीही नाही." मग ठरलं. जीवन-मरणाचा फासा आडोशामागे नाही, सगळ्यांसमोर टाकायचा. बाकी ठिकाणी सूत्रधारावर सोडायचं. धाकटीनं स्वतःच आपलं पात्र मेल्याचं जाहीर केलं, थोडी रडली आणि कोरा कागद पुढे ओढला.

तेव्हा पालकहो, बेसमेंटमधून आरडाओरडा ऐकू आला तर 'खेळच तो, त्यात काय एवढं' म्हणू नका. किती दैवाचं, किती आपल्या कष्टाचं आणि किती मोठ्यांच्या मर्जीचं, हे मुलं तिथे आपसात ठरवत असतात. आपण ते इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहून शिकलो. त्यांना मित्रांच्या संगतीत शिकता येत असेल, तर पिझ्झ्याचा खर्च परवडला.