चढावरची गाडी आणि चेंबरमधले तेल

बिदर आणि कलबुर्गी म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सपाट माळ, तुरीची शेते आणि नाकासमोर जाणारा रस्ता येतो. हुमनाबादजवळ माणिकनगरला प्रभूंच्या दर्शनाला किंवा कलबुर्गीला शरणबसवेश्वरांच्या जत्रेला महामार्गाने जाणाऱ्याला हे चित्र खरेही वाटेल. पण महामार्ग सोडून पिकअप गाडी जिथे पोटासाठी जाते तिथे गेलात, तर आपला मुलूख किती चढउतारांचा आहे ते कळते. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. उतार हा माझ्या शिकवण्याचा विषय. पण त्या उताराचा इंजिनच्या तेलाशी काय संबंध, हे मला याच वाटांवर फिरताना समजले.

बिदर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, कलबुर्गी साधारण ४५० मीटरवर. हा अडीचशे मीटरचा फरक महामार्ग शंभरावर किलोमीटरांत इतका सावकाश पसरवून टाकतो की आपल्याला तो जाणवतच नाही. सपाट आणि उंचसखल प्रदेशात रस्ते आखताना चढ शक्यतो तीस फुटांना एक फूट, यापेक्षा तीव्र ठेवत नाहीत. पण बिदरच्या पठाराच्या कडेवरून खाली शेताकडे उतरणारी गाडीवाट कोणी इंजिनिअरने आखलेली नसते. वर लाल जांभा, खाली काळा खडक आणि काळी जमीन. मधल्या टप्प्यावर चार फुटांना एक फूट उतार सहज लागतो.

उतार लागला की प्रवाही पदार्थ आपली जागा बदलतो, हे आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होते. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातली सुरंगबावी आहे, तिला करेझ म्हणतात. जमिनीखालून बेताच्या उताराने पाणी वाहून न्यायचे आणि वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवायची, अशी ही योजना. पाण्याला फार उतार दिला तर ते धावत सुटून बोगदा खरवडेल, कमी दिला तर साचेल. पंधराव्या शतकातल्या कारागिरांनी जो हिशेब पाण्यासाठी केला, तोच आज पिकअपवाल्याने तेलासाठी करायचा आहे.

स्वयंपाकघरातली परात घ्या. तीत दोन बोटे पाणी घाला आणि एक कड उचला. पाणी दुसऱ्या कडेला जमते आणि इकडचा तळ उघडा पडतो. इंजिनच्या खाली तेलाचे जे भांडे असते, ज्याला आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात, त्यात हेच घडते. चेंबर दोन फूट लांब धरले, तर चार फुटांना एक फूट चढावर त्याच्या दोन टोकांमधल्या पातळीत सहा इंचांचा फरक पडू पाहतो. आत तेलच मुळी काही इंच खोल. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती जाळी एका ठरावीक जागी बसवलेली असते. तेल पुरेसे असेल तर ती बुडालेली राहते, कारण गाडी बनवणाऱ्याने चेंबरचा खोलगट भाग तिथेच ठेवलेला असतो. तेल कमी असेल, तर चढावर जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. काही गाड्यांत हा खोलगट भाग पुढे, काहींत मागे. म्हणून एका गाडीला चढ भोवतो, तर दुसरीला उतार.

हवा ओढली गेली की क्रँकच्या बेअरिंगवरचा तेलाचा पातळ थर तुटतो आणि धातूवर धातू घासतो. टर्बो असलेल्या गाडीत तर टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात फिरत असतो. त्याला तेलाशिवाय काही क्षणही जड जातात.

आता चिंचोळीकडे चला. मन्नाएखेळीवरून दक्षिणेला वळले की थोड्या वेळात टेकड्या सुरू होतात. चंद्रमपळ्ळीचे धरण आणि भोवतालचे रान हा आपल्या कोरड्या भागातला दुर्मीळ हिरवा तुकडा. २०११ मध्ये इथे वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. या टेकड्यांच्या अंगाखांद्यावर लमाणी तांडे आहेत. तांड्यावर पाण्याची टाकी न्यायची असो की ज्वारीची पोती खाली आणायची असोत, पिकअपशिवाय भागत नाही.

याच वाटांवर आमच्या कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याची गाडी बसली. तुरीच्या राशीचे दिवस, गाडी भरलेली, पहिला गिअर. चढावर तेलाच्या झारीचा लाल दिवा लुकलुकला आणि सपाटीवर विझला. त्याला वाटले, वायर सैल असेल. दुसऱ्या खेपेला इंजिन ठोकू लागले. मिस्त्रीने खोलून दाखवले तेव्हा बेअरिंगे खरवडून गेली होती आणि क्रँक घासून घ्यावा लागला. मुलगा म्हणाला, ‘सर, सकाळी गेज बघितले होते. तेल भरपूर होते.’ तो खोटे बोलत नव्हता. त्याचे अंगणच रस्त्याकडे उतरते. तिरक्या गाडीत तेल गेजच्या बाजूला जमले होते, म्हणून पट्टी वरच्या खुणेपर्यंत ओली झाली. प्रत्यक्षात ते खालच्या खुणेच्याही खाली होते. हंगामाचे सहा आठवडे गेले. हप्ते मात्र थांबले नाहीत. ते आईच्या भिशीच्या पैशांतून गेले.

या गोष्टीतून दोन बाबी घ्यायच्या. पहिली, गेज सपाट जागेवरच पाहायचे, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, पट्टी एकदा पुसून पुन्हा घालून. दुसरी, तो लाल दिवा तेलाच्या पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो लागतो तेव्हा तेल थोडे कमी झालेले नसते, तर बेअरिंगला पोचेनासे झालेले असते. चढावर दिवा लुकलुकला तर जागीच ब्रेक लावून इंजिन बंद करा, चाकामागे दगड लावा आणि मगच पुढचा विचार करा.

काही जण उलटा उपाय करतात. ‘डोंगरात जायचे आहे, अर्धा लिटर जास्तच ओता.’ हेही चूक. वरच्या खुणेपेक्षा तेल जास्त झाले की फिरता क्रँक त्यात आपटून ताक घुसळल्यासारखा फेस करतो, आणि फेसाचा थर बेअरिंगला सांभाळत नाही. शिवाय तीव्र उतारावर जास्तीचे तेल ब्रीदरच्या नळीतून हवेच्या वाटेत शिरते. निळा धूर येतो तो त्याचाच. डिझेल इंजिनमध्ये असे फार तेल गेले तर ते इंधनासारखे पेटते आणि चावी फिरवूनही इंजिन थांबत नाही. असे क्वचित घडते, पण घडते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत, विशेषतः धूर गाळणारे फिल्टर असेल तर, न जळलेले डिझेल तेलात मिसळून पातळी आपोआप वाढू शकते. तेल वाढलेले दिसले तर खूश न होता मिस्त्रीला दाखवावे.

तिसरा उतार शहाबादचा. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ज्या शहाबादी फरशीवर पिढ्या रांगल्या, ती इथल्या चुनखडीच्या थरांतून निघते. खाणीत उतरणाऱ्या वाटा टाकाऊ दगडांच्या भरावावरून जातात. तिथे तेलाचा शत्रू निराळा. पायरीसारखा वर आलेला दगड चेंबरच्या तळाला लागतो आणि पोचा पडतो. गळती नसते, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण तळ वर आल्याने जाळीखालची फट बुजते आणि पुरेसे तेल असूनही पंपाला ते ओढता येत नाही. खाणीत जाणाऱ्या गाडीला खालून जाड पत्रा हवा, आणि महिन्यातून एकदा खाली वाकून पाहायला हवे.

त्यात आपला उन्हाळा. पारा चाळिशीच्या वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, वेग नाही म्हणून वारा नाही. तेल तापून पातळ होते आणि दाब आणखी उतरतो. जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टरमधून निसटली तर रिंगा झिजतात आणि तेल जळू लागते. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच तेल घालावे, आणि धुळीच्या वाटांवर रोज चालणाऱ्या गाडीचे तेल व फिल्टर लवकर बदलावे. डिझेल गाडीचे तेल काळे पडते त्याची धास्ती नको. दुधाळ झाले तर मात्र पाणी शिरले समजावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय तर अजिबात नको. ब्रेकची मदत जाते, आणि वाचलेल्या डिझेलची किंमत एका वळणावर वसूल होते.

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत पिकअप हीच शेती आणि हेच दुकान. बँकेचे पुस्तक सांभाळणारी घरातली बाई गाडी चालवत नसेल, पण सकाळी गाडी निघण्याआधी एक प्रश्न ती विचारू शकते. मराठीत विचारा, ‘तेल बघितले का, आणि सपाटीवर बघितले का?’ किंवा कन्नडमध्ये, ‘एण्णी नोडीरेन्री?’ मुलांनाही ती पट्टी पुसून वाचायला शिकवा. दोन खुणांमधले अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभर तेलाचे असते. डोंगराच्या किंवा खाणीच्या खेपेला निघताना तेल वरच्या खुणेला टेकलेले असावे, त्याच्या वर नाही आणि फार खालीही नाही.