गच्चीचं कुलूप

“काकू, बाजारात आमसुलं मिळतात की. एवढा खटाटोप कशाला?” सोसायटीच्या सेक्रेटरींचं हे बोलणं अजून टोचतं.

माहेर कुडाळकडचं, संसार डोंबिवलीत. मे महिन्यात भाऊ रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पाठवायचा आणि मी आमसुलं घालायचे. एका वर्षी असेच रातांबे धुऊन, पुसून, मधोमध कापले. गर-बियांना मीठ लावून रस सुटायला ठेवला, साली गच्चीवर वाळत घातल्या. दिवसभर ऊन द्यायचं, संध्याकाळी साली रसात बुडवायच्या, सकाळी निथळून परत उन्हात. अशी पाच-सहा पुटं बसली की साल काळपट जांभळी आणि मऊ होते.

तिसरं पुट देऊन सकाळी वर गेले, तर गच्चीला कुलूप. नोटीस नाही, निरोप नाही. किल्ली मागितली तर सेक्रेटरी म्हणाले, “लादीवर डाग पडतात, तक्रार आहे.” साली जाड प्लास्टिकवर होत्या. म्हटलं, वर चला, एक डाग दाखवा. कुणी आलं नाही. “रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवू.” रविवारपर्यंत ओल्या साली थांबतात होय? बाल्कनीत ऊन जेमतेम तासभर, त्यात आभाळ भरून आलेलं. पंख्याखाली पसरल्या, पण कडांवर पांढरी बुरशी धरलीच. साल बोटाला बुळबुळीत लागली आणि आंबूस वास आला. सगळं टाकावं लागलं. मीटिंगमध्ये वाळवणाला बंदी झाली. त्याच गच्चीवर थर्टी फर्स्टचं जेवण होतं, तेव्हा लादी कुणाला आठवत नाही.

रातांबा पिकतो तोच पावसाच्या तोंडावर. हातचं ऊन गेलं की फळ गेलं, हे ज्याने कधी काही वाळवलं नाही त्याला कसं समजावणार?

पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातल्या एका बचत गटाची आमसुलं मागवली. खरं सांगायचं तर नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणजे बाजारात चांगलं मिळतं, हे सेक्रेटरींचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी राग काही गेला नाही. विकत घेणाऱ्यांनी एवढं बघावं: आमसूल कडकडीत नको, चेपलं की दबलं पाहिजे आणि पाण्यात टाकल्यावर लाल रंग सुटला पाहिजे. ज्यांना ऊनच नाही त्यांनी आगळ करावं. गराला भरपूर मीठ लावून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावं आणि सुटलेला रस गाळून घ्यावा. धातूचा डबा नको, आंबटाने तो खराब होतो.

आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना एकच विनंती. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा एक कोपरा वाळवणासाठी मोकळा ठेवा. प्लास्टिक अंथरायची सक्ती करा, डाग पडला तर दंड घ्या, पण कुलूप लावू नका.