चिकूवाडीतला कुत्रा आणि हृदयातला जंत

हृदयकृमी हा पोटातला जंत नव्हे. पोटातल्या जंतांसाठी कुत्र्याला ठरावीक दिवसांनी दिली जाणारी गोळी याच्यापर्यंत पोचतच नाही. डायरोफायलेरिया इमिटिस नावाचा हा कृमी फुप्फुसाच्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यांत राहतो. मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब, शिजलेल्या शेवईसारखी. कुत्र्याच्या अंगात ती पाच ते सात वर्षं जगते. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला तिच्या पिल्लांना डास लागतो. रक्ताबरोबर आलेली पिल्लं डासाच्या अंगात दोन आठवड्यांत तयार होतात, पुढच्या चाव्यात नव्या कुत्र्यात उतरतात आणि पूर्ण वाढायला सहा-सात महिने घेतात.

डासाच्या अंगातली वाढ साधारण 14 अंशांखाली थांबते. थंड मुलखात हिवाळाच त्यामुळे राखण करतो. डहाणूच्या किनाऱ्यावर ती सोय नाही. भाताची खाचरं वाळली तरी चिकूवाडीला पाणी द्यावंच लागतं आणि ते टाक्यांत साचून राहतं. तलासरीच्या पाड्यांवर कुत्रा रात्रभर अंगणात, म्हणजे डासांच्या ताटातच. फक्त पावसाळ्यापुरतं औषध देण्याचा हिशेब इथे चुकतो.

भारतात हा कृमी ईशान्येकडे जास्त आढळतो. मुंबईकडच्या पट्ट्यात त्याचा भाऊबंद डायरोफायलेरिया रिपेन्स अधिक भेटतो. तो कातडीखाली राहतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातूनही काढावा लागतो. काचपट्टीवर रक्ताचा ताजा थेंब घेतला की दोघांची पिल्लं तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळताना दिसतात, पण एवढ्यावरून निदान होत नाही. एक मिलिलिटर रक्त पातळ फॉर्मेलिनमध्ये मिसळून फिरवायचं, तळाचा गाळ निळ्या रंगाने रंगवायचा आणि पिल्लांची लांबी मोजायची. रिपेन्सची पिल्लं जरा लांब भरतात. रक्त संध्याकाळी घेतलेलं बरं, तेव्हा ती जास्त संख्येने वर येतात. रक्तात पिल्लं नसली तरी हृदयात मादी असू शकते, म्हणून अँटिजेन चाचणीही हवी.

महिन्याचं औषध पुढच्या डासाला अडवत नाही. मागच्या महिन्यात अंगात शिरलेल्या पिल्लांना मारतं. आयव्हरमेक्टिनची त्यासाठीची मात्रा किलोमागे जेमतेम 6 मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला 90 पुरतात, आणि गुरांच्या एक टक्का इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये असतात 10,000. गोठ्यातली बाटली अंदाजाने कुत्र्यावर वापरणं हा शुद्ध जुगार आहे. पालघर जिल्ह्यात हत्तीरोगाच्या मोहिमेत माणसांना मिळणारी डीईसीची गोळीही कुत्र्याच्या तोंडात जाऊ देऊ नये. रक्तात कृमीची पिल्लं असतील तर ती झपाट्याने मरतात आणि कुत्रा धक्क्याने दगावू शकतो.

मांजरात कृमी एक-दोनच असतात, पण दम्यासारखा खोकला येतो, कधी मांजर अचानक मरतं. मोठे कृमी मारायचं सुरक्षित औषध मांजरासाठी नाही. कुत्र्यात ते मारता येतात. मात्र मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकतात, म्हणून कुत्र्याला कित्येक आठवडे बांधून ठेवावं लागतं.

कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की पशुवैद्याला विचारून औषध सुरू करावं. सात महिन्यांपुढच्या कुत्र्याची आधी रक्ततपासणी करावी. महिने चुकले असतील तर पुन्हा सुरू करून सहा महिन्यांनी परत तपासावं. डोसाची तारीख दारामागे खडूने लिहून ठेवली तरी पुरे.